घरी झकास, बँडमध्ये गायब: छोट्या मल्टी-इफेक्ट्सचं नेमकं कुठे बिनसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इलेक्ट्रिक गिटारसाठी तळहाताहून जरा मोठा मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर, म्हणजे बरेच इफेक्ट असलेला एकच डबा, घेतलात. रात्री हेडफोन लावून दहा-बारा पॅच (इफेक्ट्सच्या साठवलेल्या जुळण्या) बनवलेत आणि एकेक पॅच ऐकून खूश झालात. मग तोच डबा बँडच्या तालमीला नेऊन तिथल्या ॲम्पच्या इनपुटला जोडलात, तर कॉर्ड गढूळ, डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) म्हणजे डबीत कोंडलेली माशी, आणि तुमचा सोलो चालू आहे हे फक्त तुमच्या बोटांना माहीत. आता विचारताय की हा डबा विकून सुटी पेडल्स (एकेका इफेक्टचे वेगळे डबे) घ्यावीत का.

विकू नका. निदान आणखी दोन तालमी थांबा. मी वीसेक वर्षं गिटार वाजवतोय आणि त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना मिक्सरवरही बसलोय. तुमची तक्रार मी दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा ऐकली आहे की डबा कुठल्या कंपनीचा हे विचारायचीही गरज वाटत नाही. डब्यातले इफेक्ट वाईट आहेत म्हणून असं होत नाही. तुम्ही आवाज एका स्पीकरसाठी, एका व्हॉल्यूमला आणि एकट्याने बसून बनवलात, आणि वाजवलात तो वेगळ्याच स्पीकरमधून, कैक पट मोठ्याने, चार जणांच्या मध्ये. उद्या सुटी पेडल्स घेतलीत तरी यातल्या निम्म्या अडचणी तुमच्याबरोबर तिकडे येतील.

आता काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच कबूल करतो. तुमच्या गिटारला सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप आहेत की हंबकर (दोन वेटोळ्यांचे), तालमीचा ॲम्प कुठल्या जातीचा आहे, त्याच्या पाठीमागे इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या आतल्या दोन टप्प्यांमध्ये बाहेरचे इफेक्ट जोडायची सोय) आहे का, आणि कार्यक्रमात गिटार ॲम्पमधून ऐकू जाते की थेट मिक्सरमध्ये, हे मला माहीत नाही. म्हणून खाली आकडे दिलेत तिथे त्यांना सुरुवातीची जागा समजा.

सगळ्यात आधी कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, थोडक्यात कॅब. माझा पहिला संशय नव्वद टक्के वेळा इथेच असतो आणि बहुतेक वेळा खराही ठरतो. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर हा खरं तर फार मर्यादित स्पीकर आहे. साधारण ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमध्ये जी वरची करकर तयार होते ती हा स्पीकर गाळून टाकतो, आणि आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो तो गाळून उरलेला आवाज असतो. हेडफोन किंवा हॉलमधले मोठे स्पीकर मात्र २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत सगळं वाजवतात. म्हणून डब्यात कॅब सिम्युलेशन असतं. ते खऱ्या स्पीकरची आणि त्याच्यासमोर ठेवलेल्या माइकची नक्कल करून तीच गाळणी लावतं. १९९८ साली लाइन ६ या कंपनीचा तो लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा पॉड आला, तो मुळात टेबलावर ठेवून थेट रेकॉर्ड करण्यासाठी होता. ती सवय पुढच्या बऱ्याच डब्यांत उतरली. आजही फॅक्टरी पॅच उघडला की त्यात ॲम्प आणि कॅब दोन्हींच्या नकला चालू सापडण्याचीच शक्यता जास्त.

हेडफोनवर हे अगदी बरोबर आहे. पण तो आवाज तुम्ही खऱ्या गिटार ॲम्पमध्ये घातलात की गाळणीवर गाळणी लागते. वरचा भाग दोनदा कापला जातो, माइकची नक्कल मध्येच लुडबुड करते आणि आवाज खोक्यातून आल्यासारखा होतो. त्यात तुमच्या पॅचमधला नकली ॲम्पही चालू. म्हणजे एका प्रीॲम्पचा (ॲम्पचा टोन घडवणारा पहिला टप्पा) पूर्ण शिजलेला आवाज दुसऱ्या प्रीॲम्पच्या तोंडात. खऱ्या ॲम्पचं इनपुट हे गिटारच्या कच्च्या सिग्नलसाठी बनवलेलं असतं, आणि त्याचे टोनचे नॉब मधोमध ठेवले तरी ते तटस्थ नसतात. बहुतेक जुन्या धाटणीच्या ॲम्पमध्ये मधोमध म्हणजे मिडचा (मधल्या स्वरांचा) भाग खचलेला असतो.

हे मी स्वतःवर ओढवून घेतलंय. एका कार्यक्रमात पहिल्या दोन गाण्यांत माझा आवाज गोधडीखालून येत होता. तारा मेल्या असं समजून मध्यंतरात घाईघाईने सहाच्या सहा तारा बदलल्या. आवाज तसाच, वर नव्या तारा सुरातून उतरायला लागल्या. घरी आल्यावर कळलं की कॅब सिम्युलेशन चालूच राहिलं होतं. तेव्हापासून ॲम्पला जॅक लावायच्या आधी मी ती एक सेटिंग बघतो. बहुतेक डब्यांत ही सेटिंग ग्लोबल मेनूत असते, म्हणजे प्रत्येक पॅच उघडून कॅब बंद करत बसावं लागत नाही. तिथेच आउटपुटची पातळी लाइन ठेवायची की इन्स्ट्रुमेंट हेही विचारलेलं असतं. ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जाताना इन्स्ट्रुमेंट ठेवा.

मग ॲम्पला जोडायचं कसं? दोन रस्ते आहेत. ॲम्पच्या पाठीमागे इफेक्ट्स लूप असेल तर डब्याची वायर थेट रिटर्नला लावा. त्यामुळे ॲम्पचा प्रीॲम्प आणि त्याचे टोनचे नॉब बाजूला पडतात आणि फक्त पॉवर ॲम्प (आवाज मोठा करणारा शेवटचा टप्पा) व स्पीकर उरतात. डब्यातला ॲम्प चालू ठेवा, कॅब बंद. छोट्या डब्यासाठी मला हा रस्ता जास्त आवडतो, कारण दर वेळी वेगळ्या ॲम्पवर वाजवावं लागलं तरी तुमचा आवाज बराचसा तुमचाच राहतो. फक्त पहिल्यांदा लावताना डब्याचा व्हॉल्यूम शून्यावर असू द्या. ॲम्पचा पुढचा व्हॉल्यूम नॉब या रस्त्यात बहुधा काम करत नाही आणि पहिला कॉर्ड अंगावर येऊ शकतो. लूप नसेल तर ॲम्प क्लीन चॅनलवर ठेवा, डब्यातले ॲम्प आणि कॅब दोन्ही बंद करा आणि डबा निव्वळ पेडल्ससारखा वापरा. तरीही डब्यातला ॲम्प हवाच असेल, तर खऱ्या ॲम्पचे बेस आणि ट्रेबल जवळपास शून्यावर आणून मिड पूर्ण फिरवा. विचित्र दिसतं, पण जुन्या धाटणीच्या टोन नॉबची ही त्यातल्या त्यात सपाट जागा असते. तिथून कानाने पुढे जा.

थेट मिक्सरमध्ये जाणार असाल तर उलटं, कॅब चालूच हवी. कॅब बंद ठेवून मिक्सरला लावलेलं डिस्टॉर्शन ऐकलंत तर माशीच काय, अख्खं पोळं उठल्यासारखं वाटेल.

आता व्हॉल्यूम. माणसाचा कान हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून त्याचे आलेख मांडले, आणि गिटारवाल्यांच्या गप्पांत त्यांची नावं अजून निघतात. रात्री हळू आवाजात पॅच बनवताना तुम्हाला बेस कमी वाटतो, चमक कमी वाटते, म्हणून तुम्ही दोन्ही वाढवता. मधला भाग नकोसा, नाकातून आल्यासारखा वाटतो, म्हणून तो कमी करता. तालमीत व्हॉल्यूम चढला की तुम्ही वाढवलेला बेस गुरगुरायला लागतो, वरचा भाग कानात सुई घालतो, आणि जो मधला भाग गिटारला ऐकू आणतो तो तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलेला असतो.

बँडमध्ये जागा वाटून घ्यावी लागते. गिटारची सहावी तार मोकळी वाजली की मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असतो, बेस गिटारच्या सर्वात जाड तारेचा ४१ चा. तिथे खाली बेस आणि किक ड्रम बसलेले आहेत, वर झांजा आहेत. तुम्हाला राहायचंय मधे, आणि त्या मधल्या भागात गायकही आहे. म्हणून मी डब्यात शेवटी एक इक्वलायझर ठेवतो. मिक्सरमध्ये थेट जात असेन तर साधारण १०० हर्ट्झच्या खालचं कापतो, ६,००० च्या वरचं कापतो आणि ८०० ते १,२०० च्या आसपास थोडं उचलतो. हा आवाज घरी एकट्याने ऐकलात तर तुम्हाला तो कोरडा आणि थोडा उर्मट वाटेल. वाटू द्या. मिक्सरच्या मागून सांगतो, ज्या गिटारवाल्याचा आवाज एकटा असताना भव्य असतो त्याला मिक्समध्ये बसवायला सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो.

इथे एक युक्ती सांगतो. तुमच्या डब्यात लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारा इफेक्ट) असेल आणि तो साखळीत हलवता येत असेल, तर तो अगदी सुरुवातीला, सगळ्या इफेक्ट्सच्या आधी ठेवा. तालमीत चार ओळी वाजवून रेकॉर्ड करा आणि लूप चालू ठेवा. तुमची कोरडी गिटार आता आपोआप वाजतेय आणि पुढचे सगळे इफेक्ट तिच्यावर चालू आहेत. ड्रम आणि बेसला बरोबर वाजवायला सांगा, गिटार खाली ठेवा, खोलीच्या मध्यावर जाऊन ऐका, परत येऊन नॉब फिरवा. गुडघ्याच्या उंचीवरच्या ॲम्पसमोर उभं राहून ऐकण्यात आणि खोलीत दहा पावलं मागून ऐकण्यात जो फरक आहे, तो एकदा ऐकलात की पुन्हा हेडफोनवर शेवटचा निर्णय घेणार नाही. काही डब्यांत लूपर शेवटीच पक्का केलेला असतो. तिथे ही युक्ती चालत नाही, मग एखाद्या मित्राच्या हातात गिटार द्या.

गेनबद्दल, म्हणजे डिस्टॉर्शन किती लावायचं याबद्दल, माझं मत जरा कडक आहे: जितका लावलाय त्याच्या निम्मा करा. डिस्टॉर्शन स्वभावतःच आवाज दाबून सपाट करतं. पिक तारेवर आपटल्याचा जो ठोका असतो तो गेन वाढेल तसा बुडत जातो, आणि बँडच्या गलक्यात तुमची गिटार ओळखू येते ती त्याच ठोक्यामुळे. एकट्याने वाजवताना जास्त गेन आवडतो, कारण चुका झाकल्या जातात आणि स्वर लांबतो. ते सुख घरापुरतं ठेवा.

सोलोचं गणितही इथेच अडतं. सोलोसाठी लोक ॲम्पच्या आधी बूस्ट (सिग्नल वाढवणारा इफेक्ट) लावतात. पण ॲम्प आधीच भरपूर डिस्टॉर्ट होत असेल तर आधी लावलेला बूस्ट फक्त आणखी डिस्टॉर्शन देतो, आवाज पुढे येत नाही. आवाज मोठा हवा असेल तर बूस्ट ॲम्प आणि कॅबच्या नंतर ठेवा. ३ ते ५ डेसिबल पुरतात. डिस्टॉर्शन आणखी दाट हवं असेल तर आधी ठेवा. छोट्या डब्याचं खरं सुख हे की दोन्ही करून बघायला एकही वायर उपटावी लागत नाही.

पॅचच्या पातळ्या मीटरवर जुळवू नका. क्लीन आवाजाचे ठोके उंच जातात पण कानाला तो लहान वाटतो, आणि डिस्टॉर्शनचे ठोके खाली असूनही ते मोठं वाटतं. मी आधी क्लीन आवाज बँडबरोबर ठरवतो आणि बाकी सगळे त्याच्याशी कानाने जुळवतो, तेही कार्यक्रमाच्या व्हॉल्यूमला. पॅच बदलला की आवाज दुप्पट होणं, हे मिक्सरवाल्याच्या शिव्या खाण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे. तो पुढच्या वेळी तुम्हाला आधीच खाली ठेवतो आणि मग सोलोलाही वर घेत नाही.

डिले (पडसाद) आणि रिव्हर्ब (खोलीची घुमण) निम्म्याने कमी करा, खोली स्वतःचा रिव्हर्ब घालतेच. डिलेची वेळ अंदाजाने लावण्याऐवजी भागाकार करा: ६०,००० ला गाण्याच्या गतीने (मिनिटाला किती ठोके) भागा. गती १२० असेल तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, आणि तो उड्या मारणारा पाऊण ठोक्याचा डिले हवा असेल तर ३७५. टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन गती ठरवायची सोय) असेल तर पायानेच काम होतं. आणि एकाच ॲम्पमध्ये जात असाल तर डावीकडून उजवीकडे उडणारे स्टिरिओ डिले विसरा. एकच वायर मोनो लिहिलेल्या जॅकला लावा, नाहीतर निम्मे ठोके दुसऱ्या जॅकमध्येच राहतील.

इफेक्ट्सच्या क्रमाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून एवढंच सांगतो: वाह, कंप्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह ॲम्पच्या आधी, डिले आणि रिव्हर्ब नंतर. कोरस-फेजर दोन्हीकडे चालतात, आवाज वेगळा येतो, आवडेल तिथे ठेवा. नॉइज गेट सुरुवातीला. पण गेट फक्त तुम्ही थांबल्यावर आवाज बंद करतो. वाजवताना सिंगल कॉइलची जी गुणगुण असते ती तो काढू शकत नाही. त्यासाठी गिटार हातात घेऊन थोडं वळून उभं राहणं जास्त उपयोगी पडतं.

छोटेपणामुळे येणाऱ्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. पाय ठेवायला दोन-तीनच स्विच आणि प्रोसेसरची ताकद मर्यादित. शिवाय बऱ्याच डब्यांत पॅच बदलताना क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची शेपटी कापली जाते. म्हणून मी गाण्यागणिक पॅच बनवत नाही. एकच पॅच, त्यात एक ॲम्प, हलक्या क्रंचवर (थोड्याशा डिस्टॉर्शनवर). एका स्विचवर ओव्हरड्राइव्ह, दुसऱ्यावर सोलोसाठी बूस्ट आणि डिले एकत्र. क्लीन हवं असेल तर गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणतो. गिटारवरचा हा नॉब सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. डब्यात स्नॅपशॉट किंवा सीन (एकाच पॅचमधल्या साठवलेल्या सेटिंग्ज) असतील तर तेच काम त्यांनी करा, कारण एकाच पॅचच्या आत बदल झाल्यामुळे आवाज सहसा तुटत नाही.

आवाज बोटांच्या मागे पडतो असं वाटून काही जण डब्याला दोष देतात. डब्याचा विलंब काही मिलिसेकंदांचा असतो. ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात तर हवेतूनच साधारण ९ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे तो संशय सोडा. ब्लूटूथ हेडफोनवर सराव करत असाल तर मात्र विलंब खरा आहे, वायरचे हेडफोन घ्या.

वीज: डब्यावर लिहिलेला व्होल्टेज आणि ध्रुव तंतोतंत जुळले पाहिजेत. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट, मधलं टोक ऋण असं लागतं. मिलिॲम्पिअर मात्र लिहिलेल्यापेक्षा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. डिजिटल डबे साध्या ओव्हरड्राइव्हपेक्षा बरेच जास्त खातात, म्हणून इतर पेडल्सच्या माळेत त्याला ओवू नका, किरकिर येते. आणि पिशवीत एक जादा ॲडॉप्टर ठेवाच.

राहिला विकण्याचा प्रश्न. हे सगळं करून दोन तालमी झाल्या आणि आवाज मिक्समध्ये बसला, पण तरीही गाण्याच्या मध्येच वाकून नॉब फिरवायची तुमची सवय सुटत नसेल, मेनू उघडताना चिडचिड होत असेल, तर सुटी पेडल्स तुमच्यासाठी खरंच बरी. जुन्या धाटणीचा फझ (एक खरखरीत डिस्टॉर्शन) आवडत असेल तरीही, कारण तो थेट गिटारला जोडलेला असतानाच खुलतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जसा निवळतो तसा त्याच्या डिजिटल नकलेत मला अजून मिळालेला नाही. तेव्हाही हा डबा काढू नका. एक फझ, एक ओव्हरड्राइव्ह पुढे ठेवा आणि डबा शेवटी, डिले, रिव्हर्ब आणि कोरससाठी. ॲम्पला लूप असेल तर तो तिथे लावा. डिले, रिव्हर्ब आणि कोरस ही तीन पेडल्स सुटी घ्यायची झाली तर त्यांना या डब्यापेक्षा जास्त जागा लागेल.

पण त्याआधी, पुढच्या तालमीला पोचल्यावर गिटार बाहेर काढायच्या आधी ॲम्पच्या मागे वाकून रिटर्न लिहिलेलं भोक आहे का ते बघा. असेल तर आधी त्यात लावून बघा, आणि कॅब बंद करायला विसरू नका.